मांकडिंग

मांकडिंग (मंकडिंग असेही लिहिले जाते) ही क्रिकेटमध्ये फलंदाजाला धावचीत करण्याची एक पद्धत आहे. गोलंदाजाच्या टोकाला उभा असलेला फलंदाज, म्हणजे नॉन-स्ट्रायकर, चेंडू पडण्यापूर्वीच क्रीझ सोडून पुढे सरकला असेल, तर गोलंदाज चेंडू न टाकता त्या टोकाच्या बेल्स पाडतो आणि फलंदाज बाद ठरतो. धावफलकावर त्याची नोंद केवळ 'धावचीत' अशी होते. बळी गोलंदाजाच्या खात्यावर जमा होत नाही. ही पद्धत नियमांत बसणारी असूनही तिने मिळवलेला विजय सन्मानाचा मानावा काय, याविषयी सात दशकांहून अधिक काळ मतभेद आहेत.

नावाचा उगम

हे नाव भारताचे अष्टपैलू खेळाडू विनू मांकड (१९१७–१९७८) यांच्यावरून पडले. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात, नोव्हेंबर १९४७ मध्ये सिडनी येथील एका सराव सामन्यात मांकड यांनी बिल ब्राउन यांना प्रथम ताकीद दिली आणि नंतर या पद्धतीने बाद केले. १३ डिसेंबर १९४७ रोजी सिडनी येथीलच दुसऱ्या कसोटीत ब्राउन पुन्हा तसेच बाद झाले. या वेळी मांकड यांनी वेगळी ताकीद दिली नाही. ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांतून त्यांच्यावर टीका झाली. ऑस्ट्रेलियाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मात्र आपल्या आत्मचरित्रात मांकड यांचे समर्थन केले. नॉन-स्ट्रायकरला जागेवर राहण्यास नियम सांगत असेल, तर तो मोडणाऱ्याला बाद करणे अन्यायाचे कसे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

१९५२ मध्ये लॉर्ड्सवर ७२ आणि १८४ धावा काढून त्याच कसोटीत पाच बळी घेणाऱ्या, आणि १९५६ मध्ये पंकज रॉय यांच्यासह सलामीला ४१३ धावांची भागीदारी रचणाऱ्या खेळाडूचे नाव एका वादग्रस्त कृतीला चिकटून राहावे, ही विचित्र गोष्ट आहे. ज्याने क्रीझ सोडली त्या ब्राउन यांच्या नावाचे क्रियापद झाले नाही. सुनील गावसकर यांनी या शब्दाच्या वापरास जाहीर आक्षेप घेतला आहे.

नियम आणि खेळभावना

क्रिकेटचे नियम मेरिलिबोन क्रिकेट क्लब (एमसीसी) तयार करतो. २०१७ च्या संहितेत हा प्रकार 'अनुचित खेळ' या विषयावरील ४१ व्या नियमात होता. अनुचित वर्तन कोणाचे, हे मात्र त्या कलमाच्या शीर्षकावरूनच स्पष्ट होत होते: ते क्रीझ लवकर सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरविषयी होते. फलंदाजास आधी ताकीद द्यावी, अशी अट नियमांत नाही. तो केवळ संकेत आहे. २००० मध्ये कॉलिन काउड्री आणि टेड डेक्स्टर यांच्या पुढाकाराने नियमांना खेळभावनेविषयीची प्रस्तावना जोडली गेली. तिच्यातही या पद्धतीचा निषेध आढळत नाही.

विरोधकांच्या मते या कृतीत गोलंदाजाचे कौशल्य नसते. बॅट आणि चेंडू यांची लढत टाळून, प्रतिस्पर्ध्याला गाफील गाठून बळी मिळवला जातो. समर्थक यष्टिचीतचे उदाहरण देतात. क्रीझबाहेर गेलेल्या फलंदाजाला यष्टिरक्षक ताकीद देत नाही आणि तशी अपेक्षाही कोणी करत नाही. शिवाय तिसरे पंच काही इंचांवर धावचीतचा निर्णय देत असताना दोन-तीन फुटांची आगाऊ चाल ही क्षुल्लक बाब राहत नाही.

विजयाची किंमत

या वादाची खरी कसोटी निकाल अधांतरी असताना लागते. १९८७ च्या विश्वचषकात लाहोर येथे वेस्ट इंडीजविरुद्ध पाकिस्तानची शेवटची जोडी खेळत होती. अखेरच्या चेंडूपूर्वी नॉन-स्ट्रायकर सलीम जाफर क्रीझबाहेर गेले होते. कोर्टनी वॉल्श थांबले, त्यांनी बेल्स पाडल्या नाहीत आणि जाफर यांना परत जाऊ दिले. त्या चेंडूवर अब्दुल कादिर यांनी विजयी धावा काढल्या. आधीच्या तिन्ही विश्वचषकांची अंतिम फेरी गाठणारा वेस्ट इंडीजचा संघ त्या वेळी उपांत्य फेरीतही पोहोचला नाही. वॉल्श यांचे कौतुक आजही होते. ते करणाऱ्यांना अर्थात काहीच गमवावे लागले नव्हते.

२०१६ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात नेमके उलट घडले. झिंबाब्वेला शेवटच्या षटकात तीन धावा हव्या होत्या आणि एकच गडी शिल्लक होता. वेस्ट इंडीजच्या कीमो पॉलने रिचर्ड एन्गारावा याला बाद केले, संघ उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि पुढे भारताला हरवून विजेता ठरला.

जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटी येथे मोहम्मद शमी यांनी ९८ धावांवरील दासुन शनाका यांना या पद्धतीने धावचीत केले, तेव्हा कर्णधार रोहित शर्मा यांनी अपील मागे घेतले. शनाका यांनी शतक पूर्ण केले. या औदार्याची स्तुती झाली. तथापि तोवर भारताचा विजय निश्चित झालेला होता, त्यामुळे या प्रसंगाची तुलना लाहोरशी करणे योग्य नाही.

लॉर्ड्स, २०२२

२४ सप्टेंबर २०२२ रोजी लॉर्ड्सवर भारत आणि इंग्लंडच्या महिला संघांतील तिसरा एकदिवसीय सामना झाला. झूलन गोस्वामी यांचा तो अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना होता. इंग्लंडला १७ धावा हव्या असताना दीप्ती शर्मा यांनी ४७ धावांवरील चार्ली डीन यांना नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावचीत केले आणि भारताने सामना १६ धावांनी व मालिका ३-० अशी जिंकली. आधी ताकीद दिली होती, असे दीप्ती यांनी सांगितले. इंग्लंडच्या हेदर नाइट यांनी ते नाकारले. वस्तुतः नियमांच्या दृष्टीने हा तपशील निरर्थक होता. निर्णय नियमानुसारच असल्याचे एमसीसीने स्पष्ट केले.

ही तरतूद ४१ व्या नियमातून काढून 'धावचीत' या ३८ व्या नियमात नेण्याचा निर्णय एमसीसीने मार्च २०२२ मध्येच जाहीर केला होता. लॉर्ड्सच्या सामन्यानंतर आठवड्याभरात, १ ऑक्टोबर २०२२ पासून, तो अमलात आला.