न जाळलेल्या विजेचे देणे

बिऱ्हाड दोन महिने बंद होते, दिवा लागला नाही, पंखा फिरला नाही, मीटरचा आकडा तसूभर हलला नाही आणि तरीही विजेचे बिल आले, ही तक्रार मुंबईत आणि एकंदर महाराष्ट्रात इतक्या घरांतून ऐकू येते की, तिचे उत्तर देणाऱ्या कारकुनालाही तिचे नवल उरलेले नाही. तो बिलातल्या एका ओळीवर निमूटपणे बोट ठेवतो. ती ओळ म्हणजे 'स्थिर आकार'. तिच्या खाली वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि शेकडा सोळाच्या दराने वीज शुल्क अशी मोठी पंगत बसलेली असते. परंतु त्या पंगतीतल्या इतर आकारांना जाळलेल्या युनिटांशी काही ना काही नाते सांगता येते, आणि शून्य युनिटांवरही स्वतःच्या बळावर ताठ उभी राहते ती एकटी ही ओळ. तिचे मूळ कोठले, या कुतूहलाचा माग काढीत गेलो तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहरी पोहोचलो. आणि परतीच्या वाटेवर जे गवसले ते मूळ शोधाहूनही विलक्षण होते. ते असे की, आज आपल्या गच्चीवर सौर पट्ट्या बसवणारा गृहस्थ आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तळघरात स्वतःचा डायनॅमो चालवणारा हॉटेलमालक हे विजेच्या कायद्याच्या नजरेने एकाच गोत्राचे आहेत.

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. आपल्याकडे असे मानण्याचा मोह सहज होतो की, हा आकार मूळचा इथलाच आहे, आणि त्याचा पूर्वज मामलेदार कचेरीत सापडतो. 'आकार' हा जमीन महसुलाचा जुना शब्द; सात-बाराच्या उताऱ्यावर तो आजही आहे, आकारणी आणि आकारबंद ही त्याचीच भावंडे. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अंमलदारांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यापासून जी मोजणी आणि जमाबंदी सुरू केली, तिचे तत्त्व असे होते की, जमिनीचा मगदूर पाहून आकार एकदा ठरवावा, तो तीस वर्षे बदलू नये, आणि पीक आले की बुडाले याची दरसाल चौकशी न करता तो वसूल करावा. पेरले नाही तरी धारा द्यावाच लागे. जाळली नाही तरी विजेचे देणे द्यावेच लागते. साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे खरे. परंतु मला ते नावापुरतेच वाटते. महसुलाचा आकार जमिनीच्या संभाव्य उत्पन्नावर, म्हणजे देणाऱ्याच्या प्राप्तीवर बसतो. विजेचा स्थिर आकार घेणाऱ्याने अगोदर करून ठेवलेल्या खर्चावर बसतो. दोहोंचे तर्कशास्त्र परस्परविरुद्ध आहे. इंग्रजी दरपत्रकाचे मराठी करणाऱ्या कोणा अज्ञात भाषांतरकाराने हाताशी असलेला सरकारी शब्द उचलला आणि परक्या मुलाला घरचे नाव मिळाले, इतकाच त्याचा अर्थ. दुसरा पक्ष म्हणतो की, हे पूर्वीचे मीटरभाडेच वेश पालटून आले आहे. त्याला उत्तर देण्याचेही कारण नाही, कारण २००३ च्या विद्युत कायद्याच्या ४५ व्या कलमात स्थिर आकार आणि मीटरचे भाडे ही दोन्ही स्वतंत्र सांगितली आहेत, आणि एकच असामी दोन नावांनी एका कलमात हजेरी लावीत नाही.

खरा जनक जॉन हॉपकिन्सन. हा मँचेस्टरचा गणिती आणि विद्युत अभियंता. १८९२ च्या नोव्हेंबरात लंडनला तरुण अभियंत्यांच्या एका संस्थेपुढे अध्यक्षीय भाषण करताना त्याने मांडलेला सिद्धान्त असा: वीज साठवून ठेवता येत नाही, ती मागितल्या क्षणी द्यावी लागते, आणि म्हणून वीजकेंद्राच्या खर्चाचा फार मोठा भाग वीज देण्यात नसून ती देण्यास सिद्ध राहण्यात आहे. एक किलोवॅटचे दिवे रोज संध्याकाळी एकच तास लावणारे गिऱ्हाईक वर्षाला ३६५ युनिटे घेते. पण त्याच्यासाठी राखून ठेवलेला एक किलोवॅट वर्षाला ८७६० युनिटे देऊ शकला असता. उरलेले तेवीस तास बाष्पक, यंत्र आणि ताराखांब, शांततेच्या काळात गडावर बसून पगार खाणाऱ्या शिबंदीप्रमाणे, नुसते उभे. तेव्हा गिऱ्हाइकाकडून दोन रकमा घ्याव्या: त्याच्या जास्तीत जास्त मागणीच्या प्रमाणात एक ठरीव रक्कम, आणि प्रत्यक्ष घेतलेल्या युनिटांची दुसरी. आपल्या बिलातला स्थिर आकार आणि वीज आकार यांचा मूळपुरुष तो हाच. हॉपकिन्सन पुढे १८९८ साली आल्प्स चढताना आपल्या तीन मुलांसह मरण पावला, आणि त्याच्या सिद्धान्ताचे संगोपन दुसऱ्यांच्या हाती आले.

ते करणारा आर्थर राइट हा ब्रायटनच्या नगरपालिकेचा वीज अभियंता. जास्तीत जास्त मागणी मोजावी कशी, या अडचणीवर त्याने काढलेला तोडगा पाहून आजही कौतुक वाटते. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली एक काचेची नळी, तिच्यात द्रव, आणि एका टोकाच्या फुग्याभोवती गुंडाळलेली तार. तारेतून जितका प्रवाह अधिक, तितकी फुग्यातली हवा तापून प्रसरण पावते, द्रव दुसऱ्या बाजूने वर चढतो आणि ओसंडून एका अरुंद मोजनळीत पडतो. पडलेला परत येत नाही. महिनाअखेर कर्मचारी येऊन त्या नळीतली उंची टिपतो आणि उपकरण कलते करून द्रव पूर्ववत करतो. हवा सावकाश तापते, त्यामुळे क्षणभराच्या उसळीचा दंड कोणाला बसत नाही. यंत्राच्या अंगी इतकी न्यायबुद्धी क्वचितच पाहायला मिळते.

परंतु या न्यायात एक छिद्र होते, आणि ते त्या काळीच दाखवून दिले गेले. गिस्बर्ट काप या अभियंत्याचे म्हणणे असे की, कोणाची मागणी किती उंच गेली यापेक्षा ती केव्हा गेली हे महत्त्वाचे. पहाटे तीनला भट्टी पेटवणाऱ्या पाववाल्याने जास्तीत जास्त वीज ओढली तरी वीजकेंद्राला त्याचा भार नाही, कारण त्या वेळी यंत्रे रिकामीच असतात. भार होतो तो संध्याकाळी सगळ्यांबरोबर दिवा लावणाऱ्याचा. म्हणून मीटरला घड्याळ जोडावे आणि गर्दीच्या वेळेचा दर निराळा ठेवावा. अमेरिकेत ब्रुकलिनच्या बार्स्टोने हाच पक्ष उचलून धरला. तर्काच्या कसोटीवर काप आणि बार्स्टो यांचे पारडे निःसंशय जड होते. तरीही विजय राइटचा झाला. आणि तो का झाला, या प्रश्नापाशी माझ्या मते या कुळकथेतले खरे रहस्य दडले आहे.

पाठ्यपुस्तकी उत्तर असे की, घड्याळाचे मीटर महाग आणि कटकटीचे होते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. राइटची पद्धत अमेरिकेत नेली ती सॅम्युएल इन्सुलने. हा मूळचा लंडनचा, एडिसनचा पूर्वीचा चिटणीस आणि पुढे शिकागोच्या वीज कंपनीचा सूत्रधार. १८९४ च्या हिवाळ्यात तो ब्रायटनला गेला असता तिथली लहानसहान दुकानेही विजेने उजळलेली पाहून चकित झाला आणि या स्वस्ताईचे मर्म विचारीत राइटपर्यंत पोहोचला. आता इन्सुलचा शत्रू कोण होता ते ध्यानात घ्यावे. दुसरी वीज कंपनी त्याला फारशी भिववीत नव्हती. भय होते ते मोठमोठ्या हॉटेलांच्या, पेढ्यांच्या आणि कारखान्यांच्या तळघरात बसवलेल्या खाजगी डायनॅमोचे. ही बडी गिऱ्हाइके दिवसभर वीज घेणारी. राइटच्या दरात जो अधिक तास घेई त्याला पुढची युनिटे अत्यंत स्वस्त पडत. म्हणजे नेमक्या याच मंडळींना स्वतःचा डायनॅमो मोडीत काढण्याचे आमिष मिळे. घड्याळाच्या दरात हे सामर्थ्य नव्हते. म्हणून मी असे म्हणतो की, स्थिर आकाराचा सिद्धान्त हॉपकिन्सनच्या गणितातून जन्मला खरा, पण त्याला राज्य मिळाले ते 'घरच्या विजे'च्या भयामुळे.

या तर्काला हिंदुस्थानात पुरावा मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती. तो १९१० च्या भारतीय विद्युत कायद्याच्या २२ व्या कलमात मिळाला. परवानाधारकाने मागणाऱ्या प्रत्येकाला सारख्या अटींवर वीज द्यावी, असे सांगून ते कलम लगेच एक अपवाद करते: ज्याच्या जागेत विजेची स्वतंत्र सोय आहे, त्याला पुरवठ्याचा हक्क तेव्हाच, जेव्हा तो एक किमान वार्षिक रक्कम देण्यास कबूल होईल, आणि ती रक्कम एवढी असावी की, तिच्यातून कंपनीच्या भांडवलावर वाजवी परतावा मिळावा आणि त्या जागेच्या संभाव्य कमाल मागणीसाठी करावा लागणारा उभा खर्च भरून निघावा. हॉपकिन्सनचे संपूर्ण सूत्र, इन्सुलच्या सगळ्या भयासह, एका परंतुकात! मुंबईच्या स्थिर आकाराचे मूळ, १९२९ च्या सुमारास टाटांच्या जलविद्युत व्यवसायात भागीदार झालेल्या अमेरिकी कंपनीत शोधता येईल, असे कोणी म्हणेल. परंतु कलम तिच्या आगमनाच्या एकोणीस वर्षे आधीचे आहे, तेव्हा मी कायद्याचीच वाट खरी मानतो.

मुंबईतली पुढची हकीकत परिचित आहे: १९०५ ची वीज आणि ट्राम कंपनी, १९०७ ची विजेची ट्राम, १९४७ साली नगरपालिकेच्या हाती आलेली बेस्ट. इथे एक योग मात्र टिपून ठेवण्यासारखा आहे. गिरण्यांच्या धुराड्यांनी शहर काळवंडले म्हणून मुंबई सरकारने १९१२ साली धूरप्रतिबंधक कायदा केला, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी खोपोलीला उतरून गिरण्यांना वीज मिळू लागली. घाटावरच्या पाण्याची सिद्धता निर्धूर असते. ते मागणी येईपर्यंत तलावात स्वस्थ पडून राहते आणि मागितले की मिनिटांत धावते. कोळशाचे तसे नाही. बाष्पक विझवून पुन्हा पेटवणे तासांचे काम, म्हणून मागणी नसली तरी विस्तव राखावा लागतो. भिवपुरी आणि भिरा मिळून टाटांचे जलविद्युत सुमारे साडेचारशे मेगावॅटपर्यंत गेले (त्यासाठी मुळशीकरांनी काय मोजले, ते सेनापती बापटांच्या सत्याग्रहाने सांगितलेच आहे), पण शहराची भूक त्याहून मोठी निघाली. १९५६ साली तुर्भ्याचे औष्णिक केंद्र आले, १९९५ साली डहाणूचे. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या असल्यामुळे ही केंद्रे पेटती ठेवणे वर्षानुवर्षे भाग पडले.

हॉपकिन्सनच्या हिशेबात नेमकी इथे एक रकाना कमी आहे. सिद्ध राहण्याला पैसा लागतो हे त्याने ओळखले. सिद्ध राहण्याला धूरही लागतो हे त्याने लिहिले नाही. देशाच्या वीजजाळ्यातून येणाऱ्या एका युनिटामागे साधारण सातशे ग्रॅम कर्बवायू सुटतो, म्हणून महिना तीनशे युनिटे जाळणाऱ्या घराच्या नावे सुमारे दोनशे दहा किलो. हा झाला जाळलेल्या विजेचा धूर. परंतु कोळशाचे केंद्र क्षमतेच्या पंचावन्न टक्क्यांच्या खाली सहसा उतरवता येत नाही, आणि तितक्या मंद गतीवर त्याला दर युनिटामागे कोळसाही अधिक लागतो. हा केवळ हजर राहण्याचा धूर सरासरीत मिसळून जातो आणि कोणत्याही घराच्या हिशेबी निराळा दिसत नाही. सिद्धतेचे पैसे आपण बिलात भरतो. तिचा धूर बेवारस राहतो.

आता गच्चीवरची गोष्ट. तीन किलोवॅटच्या सौर पट्ट्या, ज्यांवर २०२४ च्या सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान ठरले, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिटे देतात; घराचा निव्वळ वापर शून्यावर येतो, तरी स्थिर आकार येतोच. घरमालक चिडतो. मात्र दुपारी वीज बाहेर देऊन संध्याकाळी परत घेणारे हे घर १९१० च्या त्या परंतुकातले 'स्वतंत्र सोय असलेली जागा'च आहे, आणि सूर्य मावळल्यावर त्याच्यासाठी कोठे तरी बाष्पक तापलेले असतेच. माझी सहानुभूती घरमालकाकडे असली तरी युक्तिवाद कंपनीचा पडत नाही, हे मान्य करावे लागते. पडते ती दुसरीच गोष्ट: राइटची नळी निदान प्रत्येकाची उंची मोजून आकार ठरवीत होती, आणि आज घरगुती स्थिर आकार बहुधा एकफेज की तीनफेज एवढेच पाहतो, मुंबईच्या दरपत्रकांत तर तो जाळलेल्या युनिटांच्या पायरीप्रमाणे चढताही आढळला आहे. सिद्धान्त विसरला आणि वसुली उरली.

आणि घड्याळ? २०२३ च्या केंद्रीय नियमांनी सौर तासांतली वीज निदान वीस टक्क्यांनी स्वस्त असावी असे ठरवले, आणि शेती वगळता इतर ग्राहकांना तो दर १ एप्रिल २०२५ पासून लावण्याची मुदत घातली. राज्याराज्यांत त्यावरून वाद चालू आहेत. स्मार्ट मीटरवर लोकांचा राग आहे आणि तो सर्वस्वी अस्थानी नाही. पण हे मीटर राइटची उंची आणि कापची वेळ दोन्ही एकदम मोजते, आणि दुपारच्या उन्हात कोळसा मागे सरतो त्या तासाला दर उतरवण्याची सोय सव्वाशे वर्षांपूर्वी हरलेल्या पक्षाच्याच युक्तीने होत आहे. खाजगी डायनॅमोला नमवण्यासाठी जिंकलेला राइट आणि खाजगी सूर्यामुळे परत आलेला काप यांना आता एकाच बिलात शेजारी बसायचे आहे. नियामक आयोगापुढे कोणाचा रकाना मोठा होतो, ते पाहायचे.