हळदीतल्या बेंजोचं गोत्र

उरण-पनवेलच्या आगरी-कोळी पट्ट्यात हळद हा केवळ लग्नाच्या आदल्या रात्रीचा विधी राहिलेला नाही. हळद म्हणजे मांडव, मांडवासमोरची मोकळी जागा आणि त्या जागेत उभी राहिलेली बेंजो पार्टी. मधोमध बेंजो, शेजारी की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड, मागे ढोल, ताशा, कोंगो, झांज आणि टेम्पोवर चढवलेले स्पीकर. न्हावा पनवेल तालुक्यातलं, शेवा उरण तालुक्यातलं. बंदरामुळे ही दोन गावं जगाला जोडनावानं ठाऊक झाली. कंटेनरवर नाव बंदराचं असलं, तरी गव्हाणपासून करंजापर्यंत रात्रीचा आवाज बेंजोचाच.

या पार्टीला फंक बँड म्हटलं, तर फंकवाले नाक मुरडतील आणि हळदीतले पाहुणे ‘ते काय असतं?’ म्हणून विचारतील. तरीही हे नातं लावण्याला एक भक्कम आधार आहे. फंकची ओळख बनलेलं एक वाद्य आणि हळदीची ओळख बनलेलं हे वाद्य, दोन्ही एकाच युक्तीवर चालतात: ताणलेली तार, तिच्यावर दाबणारी कळ आणि शेवटी वीज.

आधी सोल आणि त्यातून निघालेल्या फंकची जन्मकथा थोडक्यात. काळ्या अमेरिकनांच्या चर्चमधलं गॉस्पेल प्रेमाच्या आणि दुःखाच्या गाण्यात उतरलं, ते सोल. त्या सोलमध्ये ठेका पुढे आला आणि चाल मागे सरली, ते फंक. जेम्स ब्राउन यांनी १९६५ ते १९६७ या काळात गिटारपासून ट्रम्पेटपर्यंत प्रत्येकाला तालवाद्यासारखं वाजवायला लावलं आणि पहिल्या मात्रेवर सगळ्यांना एकत्र आणलं. बाकीचं काम क्लॅव्हिनेटनं केलं.

क्लॅव्हिनेट मात्र अमेरिकेचं नव्हे. जर्मनीच्या होनर कंपनीत एर्न्स्ट झाखारियास यांनी १९६०च्या दशकात ते घडवलं, आणि त्यांच्या डोक्यात होता क्लॅव्हिकॉर्ड, म्हणजे बाखच्या काळातलं, घरातल्या घरात वाजवायचं नाजूक वाद्य. क्लॅव्हिनेटला साठ कळा. कळ दाबली की तिच्याखालचं रबरी टोक तारेवर आपटतं आणि तार धातूच्या ऐरणीवर दाबून धरतं. तारेचं कंपन चुंबकीय पिकअप उचलतो. कळ सोडली की तारांमध्ये विणलेला धागा तो आवाज तिथल्या तिथे गिळून टाकतो. म्हणजे स्वर लांबत नाही, तुटतो. घरगुती बैठकीसाठी केलेल्या या पेटीतली ही तुटकी टणटण १९७२ मध्ये स्टीव्ही वंडर यांनी ‘सुपरस्टिशन’ या गाण्यात अशी काही वापरली, की फंक म्हटलं की तीच आठवावी.

आता बेंजो. जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी तो १९१२ मध्ये तयार केला. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो सम्राटाचा काळ सुरू झाला, म्हणून नाव पडलं ताइशोगोतो, ताइशो काळातला कोतो; कोतो म्हणजे जपानी तंतुवाद्य. मूळ धरलं होतं निगेनकिन या दोन तारांच्या जुन्या जपानी वाद्याचं; त्यावर मोरितांनी टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. डाव्या हाताची बोटं कळांवर, उजव्या हातात नखी. कळ तारेला पडद्यावर टेकवते, नखी तार छेडते. स्वर कुठे आहे हे कानानं शोधायची गरज नाही. आकडा लिहिलेलं बटण दाबलं की स्वर हजर. कोतोची तालीम वर्षानुवर्षं करायला वेळ नसलेल्या माणसाला घरबसल्या गाणं वाजवता यावं, असा हा लोकांचा कोतो.

कळांची कल्पना टाइपरायटरचीच कशावरून, असा प्रश्न विचारता येतो. युरोपात तारेवर कळ दाबणारी वाद्यं शतकांपासून आहेत. स्वीडनचं निकेलहार्पा घ्या किंवा हाताने चाक फिरवून वाजवायचं हर्डी-गर्डी घ्या. मोरितांनी त्यांपैकी एखादं पाहिलं असेल, हा तर्क अशक्य नाही. पण त्या वाद्यांच्या कळा बाजूने आत सरकणाऱ्या लाकडी खुंट्या. ताइशोगोतोच्या मात्र गोल, वरून दाबायच्या आणि ओळीत मांडलेल्या. हा साचा कचेरीतलाच. टाइपरायटरचा दावा इथे वरचढ ठरतो.

नखी आणि कळ अशी कामाची वाटणी झाल्यानं बेंजोचा स्वभावच ठरून गेला. पडद्यावर टेकलेली तार सतारीसारखी ओढता येत नाही. मींड जवळजवळ नाहीच. मग स्वर जिवंत ठेवायचा तर तोच स्वर पुन्हा पुन्हा, वेगात, ठोकत राहायचं. चाल वाजवणारा माणूस नकळत ताल वाजवू लागतो. झाखारियास यांच्या पेटीत आवाज धाग्यानं तुटतो आणि मोरितांच्या पेटीत नखीनं, पण फळ एकच: ताशाच्या शेजारी उभं राहून हार न जाणारं तंतुवाद्य. जेम्स ब्राउन यांना गिटारवाल्याकडून जे हवं होतं, ते बेंजोवाला आपल्या वाद्याच्या मर्यादेमुळेच देत असतो.

यावर संगीतातला जाणकार लगेच बोट ठेवील. फंक चार मात्रांचा, सोळा बारीक तुकड्यांत चिरलेला. कोळीगीत बहुतेक वेळा सहा मात्रांच्या झोक्यावर चालतं, होडीच्या हेलकाव्यासारखं. मग साम्य कुठलं? साम्य मात्रांच्या संख्येत नाही, कामाच्या वाटपात आहे. दोन्हीकडे एकही वाद्य निव्वळ साथीला नसतं. प्रत्येकजण आपापला छोटा तुकडा घेऊन तो फिरवत राहतो, आणि नाचणाऱ्याचं पाऊल कुठे पडणार हे त्या तुकड्यांच्या फटींतून ठरतं. शिवाय हळदीत सहाच्या झोक्यावरून चारच्या धमाक्यावर उडी मारणं हा तर बेंजो पार्टीचा हातखंडा.

खरी गंमत नावात आहे. जपानी पेटीला अमेरिकन नाव कसं चिकटलं?

अमेरिकन बँजो हा मुळात आफ्रिकेचा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून तो पुन्हा उभा केला. सेनेगल-गांबिया भागातल्या जोला लोकांचं आकोंटिंग त्याचं जवळचं भावंड मानलं जातं. नावाबद्दल दोन पक्ष आहेत: एक अंगोलाच्या किंबुंदू भाषेतल्या ‘म्बान्झा’कडे जातो, दुसरा पोर्तुगीज-स्पॅनिश तंतुवाद्यांच्या नावांकडे. पुढे गोऱ्या कलावंतांनी तोंडाला काळं फासून केलेल्या मिन्स्ट्रेल खेळांत हाच बँजो मुख्य वाद्य झाला. म्हणजे सोल आणि फंक ज्यांनी घडवलं, त्यांच्याच पूर्वजांचं हे वाद्य.

आणि ते मुंबईला ऐकून माहीत होतं. डेव्ह कार्सन हा मिन्स्ट्रेल नट १८६०च्या दशकातच मुंबईच्या रंगमंचावर गाजत होता. १८८९-९० मध्ये फ्रेडरिक लाउडिन यांचे फिस्क ज्युबिली सिंगर्स भारतात आले आणि सोलची आजी शोभेल अशी स्पिरिच्युअल्स इथल्या श्रोत्यांनी खुद्द काळ्या गायकांच्या तोंडून ऐकली. १९३५ मध्ये लिऑन ॲबे यांचा जॅझ बँड ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पुढे गोव्याच्या वादकांनी तो वारसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगपर्यंत नेला. म्हणजे मुंबईच्या दुकानदाराला टणटणणाऱ्या परदेशी तंतुवाद्यासाठी एक ऐटबाज नाव तयारच मिळालं होतं.

नाव दुकानात पडलं, या मताला बळ देणारा पुरावा इतर बंदरांत सापडतो. हीच पेटी बाली बेटावर पोचली, तेव्हा तिथे तिला ‘मँडोलिन’ म्हणू लागले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ताराब संगीतात ती ‘ताइशोकोतो’ या मूळ नावानेच शिरली. उत्तर भारतात तिला काव्यमय नाव मिळालं, बुलबुल तरंग. पण बलुची संगीतात ती ‘बेंजू’ आहे, आणि बिलावल बेल्जियम यांच्यासारख्या वादकांनी तिला तिथे मैफिलीचा मान मिळवून दिला.

मुंबईत बेंजो आणि कराचीकडे बेंजू: हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. एकच प्रशासन, एकच बाजारपेठ, दोन बंदरांमध्ये सतत येजा करणाऱ्या आगबोटी. एका घाऊक व्यापाऱ्याच्या यादीत ‘जपानी बँजो’ असं लिहिलं गेलं असणार आणि ती यादी दोन्ही शहरांत पोचली असणार. दोन ठिकाणी लोकांना स्वतंत्रपणे तेच नाव सुचलं, असा प्रतिवाद करता येतो. पण मग बालीत वेगळं का सुचलं, याचं उत्तर द्यावं लागतं.

वाटही दाखवता येते. मुंबईहून जपानला कापूस नेण्यासाठी निप्पॉन यूसेन कैशा या जपानी कंपनीनं १८९३ मध्ये मुंबई-कोबे मार्ग सुरू केला. त्यामागे जमशेटजी टाटांचा हात होता आणि पी अँड ओ कंपनीबरोबर भाड्याची जोरदार लढाई झाली. कापूस घेऊन गेलेल्या बोटी परतताना रिकाम्या कशा येतील? काडेपेट्या, खेळणी, काचसामान यांच्या सोबतीनं कळांची पेटीही याच मार्गानं उतरली, असं धरून चालायला हरकत नाही. न्हावा-शेवाचं बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं, त्याच्या कितीतरी आधी खाडीपलीकडच्या गोदीनं हा पाहुणा आणून ठेवला होता.

बेंजो पार्टीचं कूळ लग्नाच्या ब्रास बँडमध्ये शोधणारा एक पक्ष आहे, आणि त्याचं म्हणणं वजनदार आहे. वरातीत चालत वाजवणं, सारखे शर्ट, सिनेमाची गाणी, बिदागीचा हिशेब हे सगळं लष्करी बँडकडून लग्नाच्या बँडकडे आणि तिथून इकडे आलं. मात्र ब्रास बँडला फुंकणारी बरीच माणसं लागतात, आणि बेंजोला एक माणूस आणि एक पिकअप. ॲम्प्लिफायर आल्यावर त्या एका माणसाचा आवाज अख्ख्या बँडवर मात करू लागला. बाहेरचा अंगरखा ब्रास बँडचा, आतलं गणित विजेचं, असा निवाडा केला तर दोन्ही पक्षांचं समाधान व्हावं.

विजेच्या आधी आगरी लग्नात जे होतं, ते विसरून चालणार नाही. धवलारीण लग्न लावायची. धवला गाऊन, वाद्याशिवाय, विधीचा एकेक टप्पा पुढे न्यायची. बेंजोनं धवला हटवला अशी तक्रार होते, पण दोघांच्या जागा वेगळ्या: धवला मांडवाच्या आत, बेंजो मांडवाच्या बाहेर. बाहेरची बाजू फुगली, ती इतर कारणांनी. सिडकोनं आणि बंदरानं जमिनी घेतल्या, शेवा कोळीवाडा उठून उरणजवळ हनुमान कोळीवाडा झाला, जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड परत देण्याची योजना आली. शेती आणि खाडी गेलेल्या गावांत आपलं गावपण मोठ्यानं सांगायची जागा उरली ती हळदीत. संतोष चौधरी ऊर्फ दादूस यांच्यासारखे गायक याच मांडवांतून स्टेजवर आणि टीव्हीवर पोचले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाची रेघ ओढली, आणि पार्टीचा कार्यक्रम तेवढ्या वेळात बसेल असा घट्ट झाला.

हिंदी सिनेमानंही हे सूत अर्धवट पकडलं. रवी जाधव यांच्या ‘बँजो’ या २०१६च्या चित्रपटात न्यू यॉर्कची एक तरुणी मुंबईच्या वस्तीतल्या बेंजोवाल्याच्या शोधात येते. सिनेमातला अमेरिकेचा धागा कल्पित होता. नावातला मात्र खरा.

हे सगळं कूळ एकत्र पाहायचं असेल, तर पार्टीतल्या की-बोर्डकडे वळावं. १९९१ मध्ये जनरल मिडी नावाचं प्रमाण ठरलं आणि ते पाळणाऱ्या की-बोर्डांतल्या आवाजांना ठराविक क्रमांक मिळाले. आठवा क्रमांक क्लॅव्हिनेटचा. १०५ सतार, १०६ आफ्रिकन-अमेरिकन बँजो, १०७ जपानी शामिसेन, १०८ कोतो. रोलँड कंपनीनं आपल्या विस्तारित यादीत १०८च्याच पोटात आणखी एक आवाज ठेवला आहे. त्याचं नाव ताइशोगोतो.