चाकातली हवा आणि कायद्यातला एक शब्द

श्रोतेहो, मालमोटार रस्त्याकडेला थांबली की तिचा क्लीनर खाली उतरतो आणि हातातल्या दांडक्याने एकेका चाकावर ठोका देतो, हे आपण पुष्कळदा पाहिले असेल. आवाज टणक आला तर ठीक. बद्द आला तर हवा गेली. आपल्या गावच्या टायरगाडीवाल्यालाही ही परीक्षा ठाऊक आहे. पण धावत्या मोटारीत बसलेल्याला हे कळावे कसे? अमेरिकेने यासाठी कायदा केला, आणि तो एका अगदी लहान शब्दावर अडला. ती हकिकत आज सांगावयाची आहे.

९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. त्यांतले पुष्कळसे फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या उंच गाडीला बसविलेले होते. भर वेगात टायरचा वरचा थर सुटून येई आणि गाडी कलंडे. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत हे विशेष घडले. सरकारी हिशेबात पुढे २७१ मृत्यू धरले गेले. दोष टायरचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्या हमरीतुमरीवर आल्या. फोर्डने चाकात २६ पौंड हवा सांगितली होती. फायरस्टोन म्हणू लागली, ३० हवी.

हवेचा एवढा बाऊ कशासाठी? लोखंडी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवून पाहा. वाकते तिथे ती तापते. हवा कमी असली की चाकाची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, आणि रबर तसेच तापत जाते. त्यात ऊन, ओझे आणि वेग यांची भर पडली की थर सुटायला कितीसा वेळ?

१ नोव्हेंबर २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली. 'टायर'मधील हवा फार कमी झाली तर चालकाला इशारा देणारी यंत्रणा नव्या गाड्यांत असावी, असे त्यात म्हटले होते. यंत्रणा दोन प्रकारच्या होत्या. एकीत प्रत्येक चाकात दाब मोजणारे उपकरण असते व ते बिनतारी संदेश पाठवते. दुसरी स्वस्त: ब्रेकसाठी चाकांचा वेग मोजला जातोच, त्यावरूनच ती अंदाज बांधते. हवा गेलेले चाक किंचित लहान होते, म्हणून इतरांपेक्षा भरभर फिरते. युक्ती मोठी नामी! पण चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर तुलना कोणाशी करणार? आणि गाडी महिनोन्‌महिने दुर्लक्षित राहिली की नेमके तसेच होते.

तरीही २००२ च्या नियमात स्वस्त प्रकाराला वाट ठेवली गेली: एका चाकाची हवा ३० टक्के उतरली की इशारा दिला, तरी चालेल. अध्यक्षांच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा तसा आग्रह होता. स्वस्त यंत्रणेमुळे चांगले ब्रेकही अधिक गाड्यांत येतील, असा त्यांचा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ होता असे मला वाटत नाही. ग्राहकांच्या संघटना मात्र न्यायालयात गेल्या.

तिथे कीस निघाला तो व्याकरणाचा. कायद्यात 'टायर' या शब्दाआधी इंग्रजीतले 'अ' हे उपपद होते. म्हणजे एकच टायर, की कोणताही? शिक्षक मंडळींना या वादाची गोडी कळेल. मराठीत उपपदच नाही, त्यामुळे आपल्याकडे हा खटला उभाच राहिला नसता! ऑगस्ट २००३ मध्ये न्यायालयाने सांगितले की एक, दोन, तीन किंवा चारही चाकांची हवा गेली तरी इशारा मिळालाच पाहिजे. शिवाय स्वस्त पर्याय निम्म्या प्रसंगी मुका राहील हे सरकारच्याच कागदांत होते. नियम रद्द झाला.

नवा नियम एप्रिल २००५ मध्ये आला. ठरलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्के उतरली, मग ती एका चाकाची असो वा चारांची, तर वीस मिनिटांच्या आत पिवळा दिवा लागावा. सप्टेंबर २००७ पासून सर्व नव्या हलक्या गाड्यांना तो लागू झाला. युरोपात २०१४ पर्यंत प्रत्येक नव्या मोटारीसाठी अशी सक्ती आली. भारतात २०२० साली निराळी सवलत निघाली: साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल, तर जादा चाक बाळगण्याची सक्ती नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. ३२ पौंडांच्या चाकाचा हा दिवा २४ वर आल्यावर लागतो. २६ वर तो गप्पच. म्हणून अमेरिकी नियमानेच गाडीच्या माहितीपुस्तकात छापायला लावले आहे की दर महिन्याला, चाके थंड असताना, जादा चाकासकट सगळ्यांची हवा मापून पाहा.