कर्ज कोणाच्या वहीत मोजायचे?

१९०४च्या कायद्याने सहकारी पतसंस्था सुरू झाल्या, त्याला पन्नास वर्षे होत आली तेव्हा सोसायट्या किती, सभासद किती, कर्जवाटप किती, हे सारे आकडे रिझर्व्ह बँकेच्या दप्तरी होते. तरीही १९५१-५२ मध्ये तिचे पाहणीकार ७५ जिल्ह्यांतल्या ६०० गावांत गेले आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबांची विचारपूस केली : यंदा कर्ज काढले ते कोणाकडून? ए. डी. गोरवाला यांच्या समितीने (धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य होते) १९५४ मध्ये उत्तर मांडले. शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा ३.१ टक्के, व्यापारी बँकांचा ०.९ आणि सावकारांचा ७० टक्क्यांच्या आसपास. दप्तरातली वाढ खोटी नव्हती, पण ती गरजेच्या मानाने किती तोकडी आहे, हे दप्तरात दिसणे शक्यच नव्हते. १९५५ मध्ये स्टेट बँक उभी राहिली ती याच समितीच्या शिफारशीवरून. आर्थिक समावेशनासाठी पैसा देणाऱ्या संस्थांचे मोजमापही असेच, घेणाऱ्याच्या उंबऱ्यावरून व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

१९९२ मध्ये नाबार्डने ५०० बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. पुढे गटांच्या कामात जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांच्या इफाद या कृषी विकास निधीचाही पैसा आला. मार्च २००२ पर्यंत जोडलेले गट साडेचार लाखांवर गेले. त्याच दशकातली कुटुंबांची पाहणी मात्र वेगळेच सांगते : ग्रामीण कर्जात बँका-सोसायट्यांसारख्या संस्थांचा वाटा १९९१ मधल्या ६४ टक्क्यांवरून २००२ मध्ये ५७ वर उतरला आणि सावकारांचा साडेसतरावरून तिसाच्या घरात गेला. याचा दोष गटांना देणे अन्यायाचे होईल. कधी बँकेची पायरी न चढलेल्या बायकांना त्यांनी कर्ज मिळवून दिले. उदारीकरणानंतर बँकांनीच खेड्यातल्या छोट्या कर्जातून अंग काढून घेतले होते. पण नुसते गट मोजणाऱ्याला हे दशक यशाचेच वाटणार. सोसायटीच्या वहीचेही तसेच. मार्चअखेरीचे ‘नवं-जुनं’ घ्या. शेतकरी चार दिवसांसाठी सावकाराकडून पैसे उचलतो, सोसायटीचे पीककर्ज भरतो, नवे उचलतो आणि त्यातून सावकाराचे व्याजासकट फेडतो. सोसायटीच्या वहीत वसुलीही चोख आणि वाटपही. त्या चार दिवसांच्या व्याजाला त्या वहीत रकानाच नाही.

अशा पाहण्या खर्चिक, कित्येक वर्षांनी होणाऱ्या असतात आणि देशभराच्या आकड्यावरून एखाद्या प्रकल्पाचा न्याय करता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच प्रकल्पाच्या गावांत आणि शेजारच्या गावांत, आधी व नंतर, थोड्या घरांची चौकशी करावी. संगणक नसताना सव्वा लाख घरे गाठता आली होती. लोक सावकाराचे कर्ज लपवतात, हेही खरे. पण ते लपले तर संस्थांचा वाटा असतो त्याहून मोठा दिसतो, म्हणजे वस्तुस्थिती आकड्यांपेक्षा वाईटच असणार. तेव्हा समावेशनासाठी पैसा देणाऱ्या संस्थांनी प्रत्येक प्रकल्प-अहवालात खाती आणि गट यांच्या शेजारी एक रकाना सक्तीचा करावा : या घरांवर सावकाराचे किती देणे उरले आहे?