ताडी, टॉडी आणि आपली साखर

या स्मरणिकेत कोणते लेख घ्यायचे याची बैठक झाली, तेव्हा मी गरम मसाल्याच्या व्हिस्कीचा विषय काढला. क्षणभर कोणी बोलले नाही. मग एक ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या, "पूर्वजांच्या शताब्दीत दारू कशाला?" त्यांचे म्हणणे मला झोंबले, कारण ते खरे होते. मळ्यावरच्या कष्टाचे पैसे गुत्त्यात गेल्याच्या गोष्टी आपल्या बहुतेक घरांत आहेत. त्या सांगितल्या जात नाहीत, एवढेच. तरीही हा लेख लिहितो आहे. या पेल्यात आपल्या किनाऱ्याचा एक शब्द आहे आणि आपल्यासारख्या कामकऱ्यांचा घाम आहे. दोन्ही आपल्या नातवंडांना ठाऊक असावेत असे मला वाटते.

अमेरिकेत थंडी पडली, कोणाला सर्दी झाली, की शेजारी हमखास सांगतो, "हॉट टॉडी घ्या, बरे वाटेल." गरम पाणी, व्हिस्की, मध किंवा साखर, लिंबू, वर दोन-चार लवंगा आणि दालचिनीचा तुकडा, अशी ही टॉडी. हा टॉडी शब्द म्हणजे आपली ताडी. ताडाच्या झाडाला मडके बांधून भंडारी जो रस काढतो, तीच. पहाटे उतरवली तर गोड नीरा, ऊन चढले की आंबट आणि चढणारी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या इंग्रजांनी हा शब्द कधी 'टारी' असा लिहिला, कधी 'टॉडी' असा. आपला ड त्यांच्या कानाला धड र नाही आणि धड ड नाही असा लागला असणार. शब्द मराठी की हिंदी की गुजराती, यावर भांडण्यात अर्थ नाही. तिन्ही भाषांत तो एकच आहे, आणि इंग्रजी शब्दकोश बहुधा हिंदीचे नाव देतात.

स्कॉटलंडच्या लोकांचे म्हणणे वेगळे. एडिंबरोत टॉड नावाची विहीर होती, तिच्या पाण्यावरून हे नाव पडले असे ते सांगतात. कोणी रॉबर्ट बेंटली टॉड या डॉक्टरांचे नाव घेतो, कारण ते रोग्यांना ब्रँडी देत. पण ते जन्मले 1809 साली आणि रॉबर्ट बर्न्सच्या 1786 सालच्या कवितासंग्रहात टॉडी आधीच आली आहे. तेव्हा डॉक्टरांचा दावा तेथेच संपतो.

'पंच' या दुसऱ्या पेयाची गोष्टही अशीच. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर 1670 नंतरच्या दशकात आपल्या किनाऱ्यावर फिरला. त्याचे पुस्तक 1698 साली छापले गेले. गोव्यातल्या नेरूळची दारू उत्तम असते, तिच्यापासून इंग्रज लोक 'पाँच' करतात, आणि पाच जिन्नस पडतात म्हणून त्याचे हे नाव, असे त्याने लिहून ठेवले आहे. सगळ्या अभ्यासकांना हे पटत नाही. मला मात्र गंमत वाटते ती अशी की फ्रायरला नेरूळ हे गाव ठाऊक होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शब्द आपला आहे, पेय आपले नाही. ताडी कोणी तापवून पीत नाही, आणि कोकणात धान्याची व्हिस्की होत नव्हती. शताब्दीच्या उत्साहात आपण सगळेच आमचे म्हणू लागलो तर ऐकणारा जे खरोखर आपले आहे त्यावरही विश्वास ठेवणार नाही.

बोटीवरून हा शब्द अमेरिकेत पोचला तेव्हा टॉडीत व्हिस्की नव्हती, रम होती. वसाहतीच्या काळातल्या खाणावळींत रम, साखर आणि पाणी पेल्यात घालून लाकडी घोटणीने घोटत. तिला टॉडीची काठीच म्हणत. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी मद्यांचा एक तापमापक काढला होता. त्यात पंच आणि टॉडी दोन्ही वाईट बाजूला आहेत. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा हा माणूस आमच्या बैठकीतल्या त्या भगिनींच्या बाजूने उभा राहिला असता!

ही रम कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळीची. तो ऊस आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी तोडलेला होता. आपले लोक तेव्हा तेथे नव्हते. 1834 साली ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी कायद्याने संपली आणि मळेवाल्यांना नवे हात हवे झाले. त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला 'ॲटलस' हे जहाज कलकत्त्याहून मॉरिशसला लागले. 1838 साली गयाना, 1845 साली त्रिनिदाद. मॉरिशसची भरती 1839 साली थांबली होती. ती 1842 साली पुन्हा खुली झाली तेव्हा मुंबई बंदरही त्यात आले आणि रत्नागिरीकडची माणसे बोटीत चढू लागली. महिना पाच रुपये पगार, वर तांदूळ, डाळ, तूप, मीठ. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांचा पगार कापत. मॉरिशसला एकूण साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर उतरले.

म्हणजे साहेबाच्या गरम पेल्यात जी साखर विरघळत होती, ती एकोणिसाव्या शतकात कोठे ना कोठे आपल्या पणजोबांच्या कोयत्याखालून गेलेली होती. लवंगेचीही गोष्ट मॉरिशसकडेच येते. प्येर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने 1770 साली लवंग आणि जायफळाची रोपे मोलुक्का बेटांतून चोरून आणवली आणि पाम्प्लेमूसच्या बागेत लावली. लवंगेचे झाड पुढे त्याच भागातून झांझिबारकडे गेले.

अमेरिकेत स्वातंत्र्यानंतर मळी महागली आणि आतल्या भागातल्या शेतकऱ्याकडे धान्य भरपूर होते. पेनसिल्व्हेनियात राय, केंटकीत मका. रम मागे पडली, व्हिस्की पुढे आली. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्ननच्या भट्टीत 1799 साली जवळजवळ 11,000 गॅलन व्हिस्की निघाली. भट्टीवर राबणारे बहुतेक गुलाम होते. न्यूयॉर्कच्या जेरी थॉमस यांनी 1862 साली मद्यमिश्रणांचे पुस्तक छापले, त्यात व्हिस्की टॉडीची कृती आहे. 1920 ते 1933 देशात दारूबंदी होती, तेव्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळे. 'टॉडी म्हणजे औषध' ही समजूत अजून का टिकून आहे, याचे एक कारण हे असावे.

औषध ती नव्हे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते, पण शरीराच्या आतली उष्णता उलट बाहेर जाते. पिऊन बर्फ उपसायला जाऊ नये. टायलेनॉल घेतली असेल तर टॉडी घेऊ नये, यकृताला दोन्ही एकदम सोसत नाहीत.

आमच्या आजीचा काढा मला आठवतो. आले, लवंग, मिरी, गवती चहा, गूळ. पेला तोच, फक्त बाटली नाही. म्हणून मी कृती काढ्यापासूनच सांगतो.

दोघांसाठी दोन कप पाणी घ्या. त्यात सहा लवंगा, बोटभर दालचिनी, आल्याच्या चार चकत्या आणि चार मिरीदाणे ठेचून टाका. झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटे उकळा. येथील दुकानातली दालचिनी बहुधा जाड सालीची, उग्र असते. ती असेल तर अर्धीच घ्या. काचेचे पेले आधी गरम पाण्याने विसळा, नाहीतर तडकतील. प्रत्येक पेल्यात एक मोठा चमचा गूळ किंवा मध आणि अर्ध्या लिंबाचा रस घाला. वर काढा गाळून ओता. मुलांना आणि न पिणाऱ्यांना येथपर्यंतच द्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका.

ज्यांना घ्यायची आहे त्यांनी आता पेल्यामागे दीड औंस बर्बन किंवा राय घालावी. ती विस्तवावरच्या पातेल्यात कधीही ओतू नये. मद्यार्क 78 अंशांनाच उकळतो, वास उडून जातो आणि वाफ पेट घेते. गुळाने चव गडद येते, मधाने हलकी. मी गूळच घालतो. दुसरा पेला करताना पातेल्यात फक्त पाणी वाढवावे, मसाला पुन्हा टाकावा लागत नाही.

बैठकीतल्या भगिनींना मी हा लेख आधी वाचून दाखवला. त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या. मिरी वाढवा, आणि बाटलीची गोष्ट कृतीच्या शेवटी घ्या. दोन्ही केल्या आहेत.