बार्शीचा ताप, मालेगावचा ताप आणि आपल्या लेकीसुना

आम्ही ओझरच्या बचत गटातल्या बाया. मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले आणि विषय निघाला तापाचा. एकीची सून आठ दिवस अंथरुणावर होती. ताप उतरला, पण मनगटं आणि घोटे धरलेलेच. पीठ मळता येईना. सासू म्हणाली, “मला हे दोन हजार सहा साली झालं होतं. त्यानंतर कधी नाही. एकाच घरात राहतो, मग सुनेलाच का?” प्रश्न साधा होता. उत्तर शोधायला गेलो तर पन्नास वर्षांमागे जावं लागलं. तेच आज सांगतो.

चिकुनगुन्या पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५२-५३ साली, आज ज्याला टांझानिया म्हणतात त्या देशात. तिथल्या माकोंडे भाषेतलं हे नाव, अर्थ ‘वाकवून टाकणारा’. ज्या बाईचे सांधे धरले तिला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आपल्या देशात १९६३ साली कोलकात्यात मोठी साथ आली. मग मद्रास, वेल्लोर, १९६५ साली नागपूर. आणि १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरत होता. सुकडी आणि लाल मिलो खाल्लेल्या आपल्या आया-आज्यांना ते दिवस अजून आठवतात. त्याच सुमारास बार्शीत शंभरातल्या सदतीस-अडतीस माणसांना या तापानं गाठलं, असं तेव्हाची पाहणी सांगते. त्यानंतर मात्र तीसेक वर्षं या आजाराची मोठी साथ आली नाही. लोक नावही विसरले.

लोक विसरले, पण रक्त विसरत नाही. हा आजार होऊन गेला की शरीरात त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात आणि ती वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून चिकुनगुन्या एकदा झाला की सहसा परत होत नाही. रक्त तपासलं तर कुणाला होऊन गेला ते कळतं. मिलो कुणी खाल्लाय हे विचारलं की वय कळतं ना, तसंच. १९६३ च्या साथीनंतर तीस वर्षांनी कोलकात्यात लोकांचं रक्त तपासलं. शंभरात जेमतेम चार-साडेचार जणांत प्रतिपिंडं सापडली. सगळ्यात जास्त पन्नाशी ओलांडलेल्यांत, आणि तरुणांत एकाच्याही नाही. म्हणजे म्हाताऱ्यांकडे ढाल होती, पोरं उघडी होती.

आपल्याकडेही तसंच झालं असणार. बार्शीच्या साथीच्या वर्षी जन्मलेली मुलगी २००६ साली तेहेतीस वर्षांची होती. संसार, लहान मुलं, शेतातलं काम, सगळं तिच्याच अंगावर. विषाणू मात्र पुरता गेलेला नव्हता. २००० साली पुणे जिल्ह्यातल्या यवतला तो डासांत सापडला होता. २००५ च्या अखेरीस साथ उसळली. फेब्रुवारी-मार्च २००६ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात दोन हजारांवर रुग्ण नोंदले गेले. इकडे निफाडात द्राक्षाची तोडणी चालू होती, तिकडे मागावर बसणाऱ्यांना उठता येत नव्हतं. त्या एका वर्षात देशभरात जवळजवळ चौदा लाख संशयित रुग्ण झाले. या वेळी विषाणूचा प्रकार आफ्रिकेतला होता, डास भरपूर होते, आणि तीस वर्षांत जन्मलेली पिढी कोरी पाटी होती. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

आता आजचं पाहू. २०१७ च्या सुमारास देशातल्या १५ राज्यांत, ६० जिल्ह्यांत १२ हजारांवर लोकांचं रक्त तपासलं गेलं. १८ ते ४५ वयाच्या शंभरातल्या साधारण २२ जणांत चिकुनगुन्याची प्रतिपिंडं होती, ९ ते १७ वयाच्या १४ जणांत, ५ ते ८ वयाच्या ९ जणांत. म्हणजे पाच तरण्या माणसांतली चार जणं अजून उघडीच. त्यातही प्रदेशाप्रदेशात फरक फार. दक्षिणेत शंभरात ४३, ईशान्येत शंभरात एकही पुरता नाही. २०२४ साली पुणे-नागपूरकडे हा ताप पुन्हा वाढला, तो असाच.

इथे सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. त्यांच्याकडची ढाल सुनेला देता येत नाही. आईकडून बाळाला मिळते तीही काही महिनेच पुरते. साथीनंतर गावात बाळं जन्मतात, सुना नांदायला येतात, पेठ-सुरगाण्याहून बागेच्या कामाला पोरी येतात. यांतल्या बहुतेकींना हा ताप कधी झालेला नसतो. हळूहळू उघड्या माणसांची संख्या वाढते आणि डासाला वाट मोकळी होते.

एक सावधगिरीची गोष्ट. डेंग्यूचा हिशेब वेगळा आहे. त्याच पाहणीत १८ ते ४५ वयाच्या निम्म्याहून जास्त लोकांना डेंग्यू होऊन गेल्याचं दिसलं. पण डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक झाला म्हणून बाकीचे तीन टळत नाहीत, उलट दुसऱ्या वेळचा जास्त जड जाऊ शकतो. तेव्हा “मला होऊन गेलाय, आता काय” असं म्हणू नका. ताप आला की दुकानातून वेदनाशामक गोळी आणून खाऊ नका, दवाखान्यात दाखवा. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर अजिबात थांबू नका.

दोन्ही ताप पसरवणारा डास एकच, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा. तो गटारात नाही, आपण जपून भरून ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी आटलं तरी कित्येक महिने जगतात. म्हणून नुसतं ओतून चालत नाही, रांजण आतून घासायला हवा. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा तो याचसाठी.

आमच्या गटानं ठरवलंय, हप्त्याच्या दिवशी बैठकीआधी दोघीदोघींनी दहा घरं पाहायची. रांजण, हौद, कूलर, जुने टायर, बागेतले फवारणीचे ड्रम. हौद रिकामा करता येत नसेल तर गप्पी मासे सोडायचे. सून आता बरी आहे, पण भाकरी थापताना अजून मनगट धरते. पुढच्या फेरीची पहिली दहा घरं तिनंच मागून घेतलीत.