मोठा भाऊ हवा आहे

दहावीनंतर कोणता फॉर्म कुठे भरायचा, हे आपल्यातल्या अनेकांना कुणाच्या तरी थोरल्या भावाने सांगितले. ज्यांना तसा भाऊ नसतो त्यांच्यासाठी अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी एक सोय झाली.

न्यूयॉर्कच्या बालन्यायालयात अर्नेस्ट कूल्टर नावाचे कारकून होते. पोरे रोज समोर यायची. १९०४ साली त्यांनी एका सभेत गळ घातली, की प्रत्येकाने एका मुलाशी मैत्री करावी. ४० जण तयार झाले. मुलींसाठी वेगळे काम चाले. १९७७ साली दोन्ही मिळून ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ झाली.

तिथे मुलाचे नाव घालायचे तर पालकांची संमती लागते, मुलाची आणि घरच्यांची मुलाखत होते, स्वयंसेवकाची कसून चौकशी होते. त्यात वेळ जातो, आणि तो जायलाच हवा. खरी अडचण पुढे आहे. नावे पुष्कळ, मोठी माणसे थोडी. पुरुष तर फारच थोडे.

१९९२-९३मध्ये अभ्यासकांनी ९५९ मुले निवडली. निम्म्यांना लगेच जोडीदार देण्याचे ठरले, निम्मी दीड वर्ष प्रतीक्षा यादीत राहिली. पहिल्या गटात अमली पदार्थांना हात लावण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी निघाले, शाळा बुडवणेही जवळपास निम्म्यावर आले. भेटी महिन्यातून साधारण तीन!

शाळेला संगणक द्यायचे आपले ठरले आहे. शनिवारचे दोन तास देणाऱ्यांचा कागद मात्र अजून कोरा आहे.